सोडलेली सोंगटी

शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय इनॉक झिराडकर फोनला हात लावत नसत. शब्बाथ, म्हणजे काम, वाहन, फोन सारे वर्ज्य असलेला ज्यूंचा विसाव्याचा दिवस, संपल्याची ती पिढ्यान्‌पिढ्यांची खूण होती. मात्र पनवेलच्या आकाशात तीन तारे मिळवणे आता पूर्वीसारखे सोपे राहिले नव्हते. उत्तरेला तळोज्याचा धूर असे आणि पश्चिमेला नव्या विमानतळाचा उजेड. त्या दिवशी गच्चीवर मान वर करून उभ्या असलेल्या इनॉकनी तिसरा तारा म्हणून जो ठिपका नक्की केला, तो थोड्या वेळाने डावीकडे सरकला, त्याच्या पोटाशी लाल दिवा लुकलुकला आणि तो उलव्याच्या दिशेने उतरू लागला. त्यांनी तो तारा मनातल्या मनात वजा केला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

खाली आल्यावर त्यांनी कपाटातून फोन काढला, चष्मा लावला, लुडो उघडला आणि ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हेप्झिबा," शेवटी ते म्हणाले, "दादाने खेळी केली आहे."

"बरं झालं की," स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "कालपासून वाट बघत होतात."

"आज केली आहे. शनिवारी. दुपारी तीन वाजता. म्हणजे तिकडे सकाळचे साडेअकरा. भर शब्बाथात."

हेप्झिबाबाई हात पुसत बाहेर आल्या. "चुकून बोट लागलं असेल हो."

"चुकून बोट लागून सोंगटी मरत नाही. आधी फासा टाकावा लागतो, मग सोंगटी निवडावी लागते. म्हणजे दोनदा चुकून बोट लागलं."

"तुमची मारली?"

"हिरवी. घराच्या तोंडाशी होती."

हेप्झिबाबाईंनी एक निःश्वास टाकला. तो सोंगटीसाठी होता की नवऱ्यासाठी, हे सांगता येणे कठीण होते.

मोशे हे इनॉकचे थोरले बंधू. चाळीस वर्षांपूर्वी ते इस्रायलला गेले आणि लोद नावाच्या गावी स्थायिक झाले. तिकडे त्यांचा धर्म अधिक कडक झाला, जसे परक्या मातीत लावलेले झाड कधीकधी अधिक ताठ वाढते. अकरा वर्षांपूर्वी ते पनवेलला आले असताना एका शनिवारी इनॉक, गुडघा दुखत होता म्हणून, रिक्षाने सिनेगॉगला पोहोचले. पायी आलेले मोशे दारातच उभे होते. चारचौघांत ते म्हणाले, "आईबाबांनी तुला हेच शिकवलं का?" आणि इनॉकच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदाच विचार न करता, उत्तर निघून गेले, "आईबाबांना शेवटपर्यंत सांभाळलं कोणी?"

त्यानंतर दोघांत सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे काही उरले नाही. फोनवर बोलणे थांबले. ते वाक्य परत घ्यावे असे इनॉकना रोज वाटे. पण परत घेण्यासाठी आधी ते पुन्हा उच्चारावे लागले असते.

गेल्या मार्चमध्ये मोशेंची मुलगी ओर्ली पनवेलला येऊन गेली. जाता जाता तिने काकांच्या फोनमध्ये लुडो घातला आणि तिकडे गेल्यावर वडिलांच्याही. "रोज एक एक खेळी," ती म्हणाली होती. "बोलायचं नाही, फक्त खेळायचं." लहानपणी हे दोघे भाऊ पुठ्ठ्याच्या पटावर लुडो खेळत, तेव्हा याच्या नेमके उलट असे. खेळ थोडा आणि बोलणे फार. फासा कलंडला की सरळ पडला यावर अर्धा तास जाई, मेलेली सोंगटी खाटेखाली भिरकावली जाई, आणि शेवटी आई पट उचलून दोघांना उपाशी झोपवण्याची धमकी देई. या नव्या लुडोत फासा कलंडत नसे. कोणाला घरे मोजताना एक घर गिळता येत नसे. सगळे चोख होते, आणि समुद्राच्या तळासारखे शांत.

तरीही त्या शांततेत बारा ऑगस्टला एक गोष्ट घडली होती. इनॉकची शेवटची सोंगटी उघड्यावर उभी होती. मोशेंना चार पडले होते आणि बरोबर चार घरांवर ती होती. मोशेंनी तिला मारले नाही. त्यांनी दुसरीच सोंगटी पुढे नेली. इनॉकनी त्या पटाचे चित्र फोनमध्ये जपून ठेवले होते. हेप्झिबाबाईंना ते बोलले नव्हते, पण अकरा वर्षांपूर्वीचे ते वाक्य दादाने माफ केले, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. पाच महिने ते त्या चार घरांच्या अंतरावर जगत होते.

आणि आता हा माणूस शब्बाथला लुडो खेळत होता. एका रिक्षासाठी ज्याने चारचौघांत बोलून दाखवले, तो!

इनॉकनी आजच्या खेळीचे चित्र काढले आणि दादाला पाठवण्यासाठी मजकूर लिहायला घेतला. पहिला मसुदा अकरा ओळींचा होता. त्यात दहा आज्ञांचा उल्लेख होता. पाऊण तासाच्या काटछाटीनंतर एवढेच उरले, "शब्बाथ शालोम, दादा. छान खेळलास." चित्रासकट ते पाठवण्यासाठी त्यांनी यादीत दादाच्या नावावर बोट नेले. नेमक्या त्याच क्षणी ठाण्याच्या एस्तेर आत्यांनी, शब्बाथ संपल्यावर दर आठवड्याला पाठवतात तसे, कुटुंबाच्या ग्रुपवर 'शावुआ तोव', म्हणजे शुभ आठवडा, असे पाठवले. ग्रुपने यादीत उडी मारली आणि दादाचे नाव एक पायरी खाली सरकले. इनॉकचे बोट मात्र ठरलेल्या जागीच उतरले.

झिराडकर परिवाराच्या त्या ग्रुपवर तीन देशांतली त्रेसष्ट माणसे होती.

मजकूर मिटवता येतो हे इनॉकना ऐकून माहीत होते. त्यांनी त्यावर बोट दाबून धरले, तेव्हा फोनने विचारले की सर्वांसाठी मिटवायचे की फक्त तुमच्यासाठी. इनॉक स्वभावाने संकोची. सर्वांच्या फोनमध्ये हात घालणे त्यांना अशिष्ट वाटले. त्यांनी 'फक्त माझ्यासाठी' निवडले, मजकूर नाहीसा झाला आणि ते पाणी प्यायला उठले.

"अहो," हेप्झिबाबाई आपला फोन हातात घेऊन आल्या, "हे काय पाठवलंत?"

"मिटवलं मी ते."

"माझ्यात आहे की."

"तुझ्यात कसं असेल? माझ्यात नाही."

"एस्तेर आत्यांच्यातही आहे. त्यांनी हात जोडलेत."

इनॉक खुर्चीत बसले. टोरांटोच्या पुतण्याने विचारले होते, "कोण जिंकतंय?" टोरांटोत त्या वेळी शनिवारची सकाळ होती आणि तिथला शब्बाथ संपायला अजून अख्खा दिवस होता, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. एका निवृत्त शिक्षक नातलगाने फाशाचे खेळ आणि मानवी अधःपतन या विषयावर दोन परिच्छेद लिहिले. कोणीतरी मोशेंचे अभिनंदन केले. ते कशाबद्दल, हे कळायला मार्ग नव्हता.

सर्वांत भयंकर गोष्ट ही होती की मोशेंना यातले काहीच ठाऊक नव्हते. लोदला दिवस अजून मावळायचा होता. तिथला शब्बाथ सुटायला पनवेलच्या घड्याळात सव्वानऊ वाजणार होते. तोवर मोशेंचा फोन बंद असणार, आणि त्यात हे वाक्य, न उकललेल्या गाठीसारखे, पडून राहणार. अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत जे इनॉकच्या वाट्याला आले होते, ते आता त्रेसष्ट जणांत मोशेंच्या वाट्याला येणार होते. इनॉकना यात समाधान वाटायला हवे होते. त्यांनी मनात शोधून पाहिले. सापडले नाही.

मोशेंचा फोन शनिवारी बंद असतो, तर मग तीन वाजता खेळले कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात या वेळी यायला हरकत नव्हती. पण दुखावलेला माणूस हिशेबाला कच्चा असतो.

नऊ वाजून वीस मिनिटांनी ग्रुपवर मोशेंचे उत्तर आले. तेही एक चित्र होते. तोच लुडो, चार आठवड्यांपूर्वीचा शनिवार, पनवेलची वेळ दुपारी दीड. हिरवी सोंगटी तीन घरे पुढे गेलेली. खाली लिहिले होते, "इनॉकची खेळी. मी महिनाभर कोणाला दाखवली नव्हती."

टोरांटोच्या पुतण्याने आपला प्रश्न मिटवला, सर्वांसाठी.

"मी खेळलो नाही!" इनॉक उभे राहिले. "त्या वेळी फोन कपाटात होता. कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे," हेप्झिबाबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तुम्ही जे विचारणार आहात ते विचारू नका."

"मी फक्त शक्यता..."

"मला लुडो खेळायचा असता तर मी माझ्या नावाने खेळले असते. आणि ती खेळी मी केली असती तर बरी तरी केली असती. तीन पडल्यावर कोणी ती सोंगटी हलवतं का? मागची उघडी पडली सगळी."

हा युक्तिवाद निर्णायक होता. पत्नी निर्दोष ठरली. पण मग बंद कपाटात हिरवी सोंगटी चालली कशी, हा प्रश्न तेवढाच उरला, आणि त्या रात्री जेवताना दोघेही कपाटाकडे अधूनमधून पाहत होते.

रविवारी सकाळी उरणच्या गोदूबाई मासळीची पाटी घेऊन दारात बसल्या होत्या. वीस वर्षे त्या या घरी येत. या लोकांना खवल्याशिवायचा मासा चालत नाही हे पाठ असल्याने कोळंबीवरचे फडके त्या इथे उघडतही नसत. हेप्झिबाबाई जिताडा पारखत असतानाच ओर्लीचा व्हिडिओ कॉल आला. ओट्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये तिचा झोप न झालेला चेहरा दिसला. तिचे मराठी आजीकडून आलेले होते आणि वाटेत त्याचे थोडे सांडले होते.

"काकी, इथे घरात खूप प्रॉब्लेम आहे. आबा जेवला नाही." वडिलांना ती तिकडच्या रीतीने आबा म्हणत असे. "काका कुठे? काका, ऐका. तुम्ही नाही खेळला. आबा पण नाही खेळला. फोन खेळला."

"फोन कसा खेळेल?" इनॉक म्हणाले.

"मीच चालू केलं ते, दोघांकडे. चोवीस तास कोणी नाही आला तर गेम मरतो. तुम्ही दोघं शनिवारी नाही येणार. म्हणून मी सांगितलं फोनला, हे नाही आले तर यांच्या जागी तू खेळ. फोन बंद असला तरी चालतं ते. मी चांगलं केलं असं वाटलं मला."

मग दारातून गोदूबाईंचा आवाज आला.

"म्हंजी शनवारी फोननी काम केला?"

"हो, गोदूबाई," हेप्झिबाबाई म्हणाल्या.

"तुमचे नावानी?"

"हो."

"मंग त्यो तुमचाच झाला नं काम." गोदूबाईंनी कोयती खाली ठेवली. "माजी आजी सांगाची, तुमचं लोक आमचे गावात तेलाचा घाना चालवीत. शनवारी घाना बंद. मानूस बसला नि बैल पन बसला. बैलाला सोडून दिलेला, गवत खात. कोनी दुसऱ्यानी मागला तरी शनवारी बैल देत नवते. नि आता तुमी बसलाव कुर्चीव, नि फोन जुंपलाव घान्याला. बैलाची सुट्टी कुटं गेली?"

इनॉक खरोखरच खुर्चीवर बसले होते. ते सावकाश उठून उभे राहिले. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल आणि तुझे गाढव यांनीही विसावा घ्यावा, ही आज्ञा त्यांनी हजारदा म्हटली होती. घाणा चालवणाऱ्या पणजोबांचा तो बैल त्यांनी पाहिला नव्हता. पण त्या क्षणी त्यांना तो दिसला. शनिवारच्या उन्हात मोकळा उभा, मानेवरचे जू उतरलेला. आणि आपल्या कपाटात, अंधारात, गेल्या दहा महिन्यांत कोण जाणे किती शनिवारी, कोणीतरी निमूटपणे फेऱ्या घालत होते.

"काका, ती बाई काय म्हणते?" ओर्लीने विचारले.

"बरोबर म्हणते. बंद कर ते. दोन्हीकडचं."

"करते. पण मग शनिवारी गेम मरेल."

"मरू दे," हेप्झिबाबाई म्हणाल्या. "रविवारी दुसरा मांडतील. गोदूबाई, जिताडा कापा तुम्ही."

इथेच सर्व संपायला हवे होते. पण इनॉक ओट्याशी घुटमळत राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि अगदी सहज विचारावे तसे विचारले, "ओर्ली, एखादी जुनी खेळी माणसाने केली की फोनने, हे कळतं का गं?"

"कळतं ना. फोनची असेल तर बाजूला छोटं चाक असतं. कुठली बघू?"

"कुठली असं नाही. समजा, बारा ऑगस्ट."

हेप्झिबाबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिले आणि लगेच नजर माशाकडे वळवली. म्हणजे त्यांना सगळे माहीत होते.

"बारा ऑगस्ट, मंगळवार," ओर्ली म्हणाली. "चाक आहे, काका. हां, आठवलं. आबाचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन दिवस फोन माझ्याकडे, पर्समध्ये."

"ऑपरेशन? आम्हाला कळवलं नाही."

"आबा म्हणाला, इनॉकला सांगू नको, काळजी करेल. मग म्हणाला, नाही करणार, म्हणून सांगू नको."

इनॉकनी मान हलवली. "पण त्या दिवशी माझी सोंगटी मारता येत होती. फोनने मारली नाही."

"फोनला काय कळतं? तो आधी आपली सोंगटी घराकडे नेतो. मारायचं नंतर."

दुपारी जिताड्याचे कालवण नेहमीसारखेच झाले होते, पण इनॉकना ते कळले नाही. जेवणानंतर त्यांनी जपून ठेवलेले ते चित्र उघडले. मोठे करून पाहिल्यावर कोपऱ्यात खरोखरच एक चाक होते, तीळभर. पाच महिने ते तिथेच होते. माफी म्हणून ज्याला छातीशी धरले, तो एका यंत्राचा निष्काळजीपणा होता. चित्र मिटवून टाकावे म्हणून त्यांनी बोट ठेवले. फोनने पुन्हा काही विचारण्याआधी त्यांनी ते उचलले आणि, अकरा वर्षांनंतर, दादाचा नंबर लावला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"इनॉक."

"हां. बोल."

आवाज म्हातारा झाला होता. "ते काल चुकून गेलं ग्रुपवर," इनॉक म्हणाले.

"मग मिटवायचं की."

"मिटवलं. पण माझ्यापुरतंच मिटलं."

पलीकडे खोकल्यासारखा एक आवाज झाला. तो खोकला नसावा. "बैलाचं ओर्लीने सांगितलं," मोशे म्हणाले. "मासेवालीने काढलं म्हणे."

"गोदूबाईंनी."

"आमच्या सिनेगॉगच्या धर्मगुरूला नसतं सुचलं."

डोळे कसे आहेत, हे विचारायचे इनॉकनी ठरवले होते. प्रत्यक्षात ते म्हणाले, "दादा, ऑगस्टमध्ये तुला चार पडले होते. माझी शेवटची सोंगटी समोर होती. तू मारली नाहीस."

त्या दिवशी मोशेंच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांना ती सोंगटी आठवणे शक्य नव्हते. त्यांनी ती पाहिलीच नव्हती.

"सोडली मी," मोशे म्हणाले. रिक्षाचीही सूट न देणारा तो माणूस सावकाश, शब्द जुळवत बोलत होता. "मुद्दाम सोडली. धाकटा आहेस तू."

"मला तेव्हाच कळलं होतं," इनॉक म्हणाले.

"आणि तू?" मोशेंचा आवाज एकाएकी घाईचा झाला. "मे महिन्यात? माझी लाल अगदी तुझ्या पुढ्यात होती. तुला दोन पडले आणि तू भलतीच सोंगटी हलवलीस. मी ओर्लीला उठवून दाखवलं. म्हटलं, बघ, इनॉकने ते वाक्य मागे घेतलं. तू मुद्दाम सोडलीस ना ती?"

इनॉकना मे महिना स्वच्छ आठवला. ती खेळी यंत्राची नव्हती. त्यांची स्वतःची होती. चष्मा काच बदलायला दिलेला होता आणि ते हेप्झिबाचा चष्मा लावून खेळत होते. लाल सोंगटी त्यांना दिसली नव्हती. दिसली असती, तर तिला मारून त्यांनी आधी हेप्झिबालाच हाक मारून दाखवले असते.

"हो, दादा," ते म्हणाले. "मुद्दामच."

पलीकडे मोशेंनी नाक ओढले. बराच वेळ ओढले.

"मूर्ख आहेस," ते म्हणाले. "समोर आलेली सोंगटी कोणी सोडतं का? मी तुझ्या जागी असतो तर मारलीच असती."

इनॉकनी ते वाक्य ऐकले. त्यात काय उघडे पडले होते, ते त्यांना स्पष्ट दिसत होते. चष्मा आज डोळ्यांवर होता. उत्तर जिभेवर आले होते, अगदी बरोबर चार शब्दांवर.

त्यांनी ते सोडून दिले.